दांडा लागला की बसला? पाळण्यांची सुरक्षा आणि तीन प्रमाणं

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या प्रमाणांची ओळख करून घेतली. प्रमाण म्हणजे खात्रीचं ज्ञान मिळवण्याचं साधन. त्यानंतर काही श्रोत्यांनी विचारलं, की डोंगरावरचा धूर आणि त्यावरून अग्नी हे सगळं ठीक, पण रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आम्ही मुद्दाम एक साधी वस्तू निवडली आहे: पाळण्यात बसल्यावर आपल्या मांडीवर किंवा खांद्यावरून छातीवर येणारा दांडा. ज्ञान चुकलं तर काय होतं, हे त्या दांड्याइतकं स्पष्ट फार कमी गोष्टी दाखवतात.

उपनगरातल्या माणसाला पाळणा परका नाही. जुहूच्या चौपाटीवरचे हाताने फिरवायचे पाळणे अनेकांना आठवत असतील. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मैदानांवर सुट्ट्यांच्या दिवसांत फनफेअर उभं राहतं आणि पंधरा-वीस दिवसांत उठून जातं. 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. बोरिवलीच्या बाजूने गोराईची खाडी ओलांडून किंवा मालाडच्या बाजूने मार्वेहून लाँचने तिथे जायचं, हा एका अख्ख्या पिढीच्या शाळेच्या सहलीचा कार्यक्रम होता. 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं आणि नायट्रोसारखा जवळजवळ 40 मीटर उंचीचा रोलर कोस्टर आपल्याकडे आला. त्यात बसलेल्याच्या पायाखाली डब्याची फळीसुद्धा नसते.

चौपाटीवरच्या पाळण्यापासून नायट्रोपर्यंत एक मोठा बदल झाला आहे, तो आधी समजून घेऊ. हाताने फिरणाऱ्या पाळण्यात माणूस स्वतः धरून बसतो. मोठ्या राईडवर माणसाला यंत्र धरून ठेवतं. पहिल्या प्रकारात जबाबदारी बसणाऱ्याच्या मुठीत आहे, दुसऱ्यात ती मुठीतून निघून दुसरीकडे गेली आहे. कुठे गेली, हा आजचा प्रश्न.

आधी थोडा हिशेब करू. गणिताला घाबरू नका, शाळेतलंच आहे. समजा, 6 मीटर त्रिज्येचा पाळणा 10 सेकंदांत एक फेरी घेतो. वरच्या टोकाला पोहोचल्यावर बसणाऱ्याचं वजन साधारण पावपटीने कमी झाल्यासारखं वाटतं. पोटात गोळा येतो तो त्यामुळे. पण माणूस आसनावरून उचलला जात नाही, तीन-चतुर्थांश वजन अजून आसनावर आहे. तिथे समोरचा दांडा पुरतो. त्याचं काम कोणी उठून उभं राहू नये, वाकू नये, एवढंच असतं. (मोकळे केस आणि ओढणी यांचा धोका वेगळा आहे. तो दांड्याने टळत नाही, ते आधी बांधूनच बसायला हवं.)

आता रोलर कोस्टरचा उंचवटा घ्या. उंचवट्याच्या माथ्याची त्रिज्या 10 मीटर असेल, तर ताशी साधारण 36 किलोमीटर वेगाला माथ्यावर बसणाऱ्याचं वजन शून्य होतं. वेग त्याहून जास्त झाला, की डबा रुळाबरोबर खाली वळतो आणि माणूस सरळ पुढे जाऊ पाहतो. म्हणजे आसन त्याच्या खालून निघून जातं. त्या क्षणी त्याला डब्यात ठेवणारी गोष्ट एकच, तो दांडा. गंमत अशी, की लोक ज्याला सर्वात जास्त घाबरतात त्या उलट्या वळशात, वेग पुरेसा असेल तर, माणूस आसनावर दाबलेलाच राहतो. तिथे दांडा लागतो तो गाडी मध्येच अडकली तर. खरी ओढ त्या साध्या दिसणाऱ्या उंचवट्यावर असते.

तिसरा प्रकार उंचावरून सरळ खाली सोडणाऱ्या मनोऱ्याचा. 15 मीटर मोकळं पडलं तर पावणेदोन सेकंदांत ताशी 60 किलोमीटरच्या पुढे वेग जातो. पडताना माणूस आणि आसन एकाच वेगाने पडत असतात. भार येतो तो ब्रेक लागताना. आसन मंदावतं आणि शरीर त्याच वेगाने खाली जाऊ पाहतं. आसन आणि दांडा यांच्यात फट असेल, तर शरीर त्या फटीकडे सरकतं. म्हणून मनोऱ्याच्या राईडवर प्रश्न दांडा किती मजबूत आहे एवढाच नसतो, तो किती जवळ बसला आहे हाही असतो.

इथे एक भेद करून ठेवू, पुढे तो सारखा लागेल. दांडा ‘लागणं’ वेगळं आणि ‘बसणं’ वेगळं. लागला म्हणजे खाली आला, खटका पडला. बसला म्हणजे या माणसाच्या, या शरीराला तो धरून आहे. दार लागलं याचा अर्थ माणूस आत आहे असा होत नाही, तसंच हे आहे.

लहान मुलांच्या बाबतीत हा भेद सर्वात मोलाचा. काही पाळण्यांत दोघांना मिळून एकच दांडा असतो. बाबा आणि सहा वर्षांची मुलगी शेजारी बसतात, दांडा खाली येतो आणि बाबांच्या पोटाला लागून थांबतो. खटका पडतो. बाबांसाठी दांडा बसला. मुलीच्या मांडीपासून तो चार-पाच बोटं वरच आहे. दारातली उंचीची पट्टी यासाठी असते. अनेक पालकांना वाटतं, की उंचीची अट म्हणजे मूल घाबरेल म्हणून घातलेली आहे, आणि मग ते सांगतात, ‘आमचा घाबरत नाही हो, सोडा त्याला.’ पण पट्टी धीर मोजत नाही. ती हाडांची लांबी मोजते. धीट मूल फटीतून कमी निसटतं असं काही नाही.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेत एएसटीएम ही मानकं ठरवणारी संस्था आहे. तिच्या मानकात राईडच्या गतीमुळे शरीरावर येणाऱ्या ओढीनुसार बंधनांचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्यात बंधनाची गरज नाही. मग सामायिक दांडा, मग शरीराप्रमाणे कमी-जास्त होणारा दांडा. चौथ्या वर्गात दांडा प्रत्येकाला स्वतंत्र आणि आपोआप कुलूपबंद होणारा लागतो, बसणाऱ्याला तो स्वतः उघडता येत नाही. पाचव्यात त्याला दुहेरी आधार हवा आणि तो बंद आहे की नाही हे बाहेर कळण्याची सोय हवी. युरोपात, भारतातही पाळण्यांसाठी मानकं आहेत. तपशील वेगळे असले तरी रोख एकच: ओढ जितकी जास्त, तितकी ती जबाबदारी माणसाच्या हातातून काढून यंत्राकडे द्यायची.

चांगल्या कुलपाचं एक तत्त्व बघा. ते बंद राहायला विजेची गरज नसते, उघडायला असते. आत दातेरी चाक आणि स्प्रिंगचा खटका असतो. दांडा खाली येताना खटका एकेका दातावरून टकटक करत जातो, उलट जाऊ देत नाही. वीज गेली तर कुलूप बंदच राहतं. म्हणजे बिघडायचंच असेल तर ते माणसाच्या बाजूने बिघडलं पाहिजे. आणि असे दोन खटके ठेवतात, एक गेला तर दुसरा असावा म्हणून. एक खटका हजारात एकदा दगा देत असेल, तर दोन्ही एकाच वेळी जाण्याची शक्यता दहा लाखांत एक. मात्र हा हिशेब दोन्ही खटके एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. दोघांनाही एकाच खाडीचा खारा वारा लागतो, दोघांना एकच कारागीर एकाच दिवशी तेल घालतो किंवा घालायचं राहून जातं. मग ते दोन असूनही एकच झाले. समुद्राकाठच्या आपल्या उपनगरांत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवायला हवी.

सगळी कुलपं बंद झाली हे ऑपरेटरला कसं कळतं? इथे लोकलचं उदाहरण उपयोगी पडेल. 25 डिसेंबर 2017 ला बोरिवली-चर्चगेट मार्गावर पहिली एसी लोकल धावली, तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे, की दारं लागली नाहीत तर गाडी हलत नाही. साध्या लोकलमध्ये दारातल्या माणसाला त्याची मूठ सांभाळते. इथे दार सांभाळतं आणि दाराची खबर गाडीला जाते. राईडवरही तसंच. प्रत्येक आसनाला सेन्सर असतो, दांडा ठरलेल्या जागेपर्यंत आला की दिवा लागतो, सगळे दिवे लागल्याशिवाय राईड सुरू होत नाही.

आणि नेमकं इथे आपलं न्यायदर्शन येतं. ऑपरेटरला दांडा दिसत नाही, दिवा दिसतो. धूर दिसतो, त्यावरून तो अग्नी जाणतो. हे अनुमान आहे. अनुमान कशावर उभं असतं? व्याप्तीवर. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, असा अखंड संबंध असेल तरच. नैयायिक इथे फार सावध होते. ते म्हणायचे, व्याप्तीत कुठे उपाधी दडलेली नाही ना ते पाहा. उपाधी म्हणजे न सांगितलेली अट. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असं कोणी म्हटलं तर ते खोटं, कारण धूर यायला सरपण ओलं असावं लागतं. ती अट गुपचूप मध्ये बसलेली असते.

‘जिथे दिवा तिथे बसलेला दांडा’ या व्याप्तीतही अशीच उपाधी आहे: सेन्सर आपल्या मूळ जागी असेल तर. 24 मार्च 2022 ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या ओरलँडो इथे 430 फूट उंचीच्या मनोऱ्यावरून एक 14 वर्षांचा मुलगा पडून गेला. तो अंगाने मोठा होता, राईडच्या वजनमर्यादेपेक्षा बराच जास्त. तपासात आढळलं, की त्याच्या आसनाचा सेन्सर हाताने सरकवून ठेवला होता. दांडा आणि आसन यांच्यात एरवी सुमारे तीन इंच राहणारी फट तिथे सात इंचांच्या आसपास होती, आणि तरीही दिवा लागत होता. दांडा तुटला नाही. कुलूप उघडलं नाही. राईड मंदावताना तो मुलगा त्या फटीतून निसटला. दांडा लागला होता, बसला नव्हता. धूर होता, अग्नी नव्हता.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्रावर विश्वासच नको, माणसाच्या डोळ्यांवर ठेवा. पण दुसरी बाजूही बघू. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या उद्यानात 2 जून 2015 ला यंत्रणेने ‘स्मायलर’ नावाचा कोस्टर थांबवला, कारण पुढे रुळावर एक रिकामा डबा अडकला होता. कर्मचाऱ्यांना तो दिसला नाही. त्यांना वाटलं, यंत्रणाच चुकते आहे. त्यांनी ती डावलून 16 जणांची गाडी पुढे सोडली आणि ती त्या डब्यावर आदळली. अनेक जण जबर जखमी झाले, दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला 50 लाख पौंडांचा दंड केला. इथे धूरही होता, अग्नीही होता. माणसांनीच धुराकडे पाठ फिरवली.

तेव्हा या दोन घटना एकत्र ठेवून बघा. एकीत चिन्ह खोटं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला गेला. दुसरीत चिन्ह खरं होतं आणि त्यावर अविश्वास दाखवला गेला. ‘यंत्र की माणूस’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. अनुमान आणि प्रत्यक्ष, दोन्ही एकमेकांना तपासत राहिली पाहिजेत. आणि दोघांत मतभेद झाला, तर राईड थांबली पाहिजे. हा नियम अगदी साधा आहे: दोन्ही प्रमाणं ‘हो’ म्हणाली तरच सुरू, एकही ‘नाही’ म्हणालं तर बंद.

प्रत्यक्ष म्हणजे इथे काय? कर्मचाऱ्याचा हात. चांगल्या राईडवर कर्मचारी प्रत्येक आसनापाशी येतो, दांडा खाली दाबतो, मग वर ओढून बघतो. पट्टा असेल तर तोही ओढतो. दिवा लागला असतानाही हे करायचं असतं. वरून नुसती नजर टाकत, हात हलवत ओळीतून पुढे जाणं हे प्रत्यक्ष नव्हे. तो प्रत्यक्षाचा आभास झाला.

आता तिसरं प्रमाण, शब्द. आपण कोणी पाळण्याच्या वेल्डिंगची तपासणी करू शकत नाही. आपण प्रमाणपत्रावर विसंबतो. आपल्याकडे करमणुकीच्या सार्वजनिक जागांचं नियमन महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधल्या कलम 33 खालच्या नियमांनी होतं, परवाना लागतो. परवाना हा शब्द आहे. नैयायिकांच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. आणि आप्त कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो. दोन्ही अटी हव्यात. सही करणाऱ्याने बोल्ट पाहिला का? आणि पाहिलं ते तसंच लिहिलं का? यातली एक अट गेली, की कागद उरतो, प्रमाण उरत नाही.

शब्दाचं महत्त्व अहमदाबादच्या घटनेवरून कळतं. 14 जुलै 2019 ला कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात लंबकासारखी झुलणारी राईड बसलेल्यांसकट कोसळली. दोघांचा जीव गेला, वीसहून जास्त लोक जखमी झाले. तिथे राईडचा सांगाडाच तुटला. ज्या पाळण्याला माणसं बांधली होती तो पाळणाच खाली आला. बसणाऱ्याला दांडा ओढून हे कळणं शक्य नव्हतं. दांडा माणसाला पाळण्याशी जोडतो, पाळणा जमिनीशी जोडलेला आहे की नाही याची हमी दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते. मैदानावरच्या फनफेअरमध्ये तर हा प्रश्न दर मुक्कामाला नव्याने उभा राहतो. पाळणा सुटा होतो, ट्रकवर चढतो, मुलुंडहून बोरिवलीला येतो आणि पुन्हा जोडला जातो. मागच्या मैदानावरचा कागद या मैदानावरच्या जोडणीबद्दल काही सांगत नाही.

मग आपण काय करायचं? जत्रेला जाणं सोडायचं का? नाही. आनंद ही काही चैनीची गोष्ट नाही. आम्ही एवढंच सुचवू. बसल्यावर पाठ आणि कंबर आसनाला टेकवा, दांडा अंगाला लागेपर्यंत खाली घ्या, मग स्वतः वर ढकलून बघा. मुलाबरोबर बसत असाल, तर आपला नव्हे, मुलाचा दांडा बघा. उंचीच्या आणि वजनाच्या अटीवर घासाघीस करू नका. ती अट शरीराला आहे, तुमच्या प्रतिष्ठेला नाही. कर्मचारी हाताने तपासत नसेल, तर बोलवा. एखाद्या आसनाला दोरी, तार, चिकटपट्टी लावून काम भागवलेलं दिसलं, तर त्या राईडवर चढू नका आणि दुसऱ्यालाही सांगा.

यातलं सर्वात अवघड काय, तर बोलणं. ‘थांबवा, माझा दांडा सैल आहे,’ असं पन्नास जणांच्या रांगेसमोर म्हणायला संकोच वाटतो. मागून कोणीतरी हसतो, ‘घाबरला काय रे?’ आपल्याकडे भीती दाखवणं कमीपणाचं मानतात, आणि त्या कमीपणाच्या भीतीने माणसं खरी भीती गिळून टाकतात. मुलांना तरी आपण सांगावं, की पाळण्यावर ओरडणं याला धैर्य लागत नाही, पण पाळणा थांबवायला सांगणं याला लागतं.

आणि हेच त्या कर्मचाऱ्यालाही लागू आहे, त्याला विसरून चालणार नाही. तो बहुधा वीस-बावीस वर्षांचा, हंगामी कामावर आलेला असतो. रांग खोळंबली तर मालक रागावतो, लोक ओरडतात. एका आसनाचा दिवा लागत नसला तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात: ते आसन रिकामं ठेवायचं, किंवा कसंतरी करून दिवा लावायचा. दुसरी वाट त्याने घ्यावी असं कोणी तोंडाने सांगत नाही. पण पहिली घेतल्याबद्दल त्याचा रोज कापला जाणार असेल, तर न सांगताही ते सांगितलेलंच असतं. तेव्हा सुरक्षेचा खरा नियम यंत्राबद्दलचा नाही. राईड थांबवणाऱ्याला शिक्षा होता कामा नये, हा आहे. मालकाने तो पाळायचा, परवाना देणाऱ्याने तो विचारायचा, आणि रांगेतल्या आपण सगळ्यांनी, एक फेरी उशिरा झाली तर, गप्प उभं राहून तो मान्य करायचा.

सुरुवातीला आपण विचारलं होतं, की मुठीतून निघालेली जबाबदारी कुठे गेली? ती दांड्यात गेली, खटक्यात, सेन्सरमध्ये, कर्मचाऱ्याच्या हातात, सही करणाऱ्याच्या लेखणीत आणि थोडी आपल्याकडेही राहिली. इतक्या ठिकाणी वाटली गेली, की प्रत्येकाला वाटतं ती दुसऱ्याकडे आहे. म्हणून प्रत्येकाने आपापल्या जागी एकच गोष्ट विचारायची: दांडा लागला आहे, की बसला आहे?

आज इथे थांबू. उपमान हे चौथं प्रमाण आज राहून गेलं आहे, ते पुढच्या वेळी घेऊ. आता तुमचे प्रश्न घेऊ या.